पेज, पाव आणि मोठे घर

न्याहारी आणि नाश्ता हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. गंमत अशी की दोहोंच्याही मुळाशी अन्न नाही, उपाशीपण आहे. ‘नाश्ता’ म्हणजे ज्याने अजून काही खाल्लेले नाही तो. मराठीने हा शब्द घेतला आणि भूक बाजूला सारून तिथे वाटीभर पोहे ठेवले. मला मात्र या शब्दांतली ती जुनी भूक नेहमी ऐकू येते. पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या दोन उत्तरेकडील तालुक्यांत सकाळच्या खाण्याचा इतिहास शोधू गेले की, घरात माणसे किती आणि मडक्यात तांदूळ किती, या एकाच प्रश्नापाशी यावे लागते.

माझे माहेर पेडण्याचे, सासर डिचोलीचे. दोन्ही घरे मोठी. सासरी एका चुलीवर एकोणीस माणसे जेवत. त्यात लहान मुलेच सात. अशा घरात सकाळी कोणाला काय आवडते हे विचारायची पद्धत नव्हती, पण जे रांधले जाई ते सगळ्यांना आवडावे लागे. नाहीतर दुपारपर्यंत घर चालणार कसे? स्वस्त, सकस आणि सर्वांना रुचणारे, या तीन अटी एकाच वेळी पाळणारा पदार्थ आमच्या पूर्वजांनी शोधला होता आणि तो म्हणजे पेज.

पेजेला आपण गरिबाचे खाणे समजतो, पण तिचे कूळ मोठे आहे. संस्कृत ‘पेया’, प्राकृत ‘पेज्जा’, आणि पुढे आपली पेज. चरकसंहितेत मंड, पेया, विलेपी, यवागू असे तिचे पातळ-दाट प्रकार सांगितले आहेत. बौद्धांच्या ‘महावग्गा’त भिक्षूंना सकाळी यागू, म्हणजे हीच कांजी, घ्यायला परवानगी दिली आहे आणि तिचे दहा गुण मोजून दाखवले आहेत. गोव्यातला पुरावा तर छापील आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली इथे आला आणि १५६३ साली त्याने इथल्या औषधींवरचा आपला संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात पटकीच्या विकाराचे वर्णन करताना तो सांगतो की, इथले लोक रोग्याला मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला ‘कांजे’ म्हणतात. त्या रोगाचे इथले नावही तो देतो; ते आपल्या ‘मोडशी’चेच पोर्तुगीज कानांनी ऐकलेले रूप आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने आपल्या आजीच्या हातचे औषध ग्रंथात नोंदवून ठेवले. याच ओर्ताची हाडे इन्क्विझिशनने त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, उकरून जाळली, कारण तो मुळात ज्यू होता. पोर्तुगालमधून आलेल्या माणसाची ही गत, तर इथल्यांचे काय बोलावे!

इन्क्विझिशन स्वयंपाकघरातही शिरले होते. १७३६ साली त्याने एक जाहीरनामा काढला. नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंच्या कोणत्या चालीरीती पाळू नयेत याची ती लांबलचक यादी आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात तिची दखल घेतली आहे. त्या यादीत एक कलम भाताचे आहे. हिंदू भात अळणी शिजवतात आणि मीठ वरून घेतात, म्हणून ख्रिस्त्यांनी भात मीठ न घालता शिजवू नये! राज्यसत्ता माणसाच्या किती जवळ येऊ शकते, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. कोणाच्या मडक्यात मीठ आधी पडले की नंतर, यावरून त्याचा धर्म ओळखायचा. शेजाऱ्याने चुगली केली की संपले.

हा जाहीरनामा तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींसाठी होता. पेडणे आणि डिचोली त्या काळी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होती. जुन्या काबिजादींतून लोक आपले देव घेऊन नदीपार आले ते अशाच मुलखात. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्यात आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. पोर्तुगीजांचा अंमल आमच्या दोन तालुक्यांवर बसला तो १७८१ ते १७८८ या वर्षांत, आणि तोवर त्यांचा जोर बराच ओसरला होता. नव्या काबिजादींतल्या लोकांच्या धर्माला आणि रूढींना हात लावणार नाही, अशी हमी त्यांना द्यावी लागली. १८१२ साली तर इन्क्विझिशनच कायमचे बंद झाले. म्हणून आमच्याकडची पेज अळणीच शिजत राहिली. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांतले जाडे मीठ पानाच्या कडेला वेगळे वाढले जाई आणि ज्याला हवे तेवढे तो घेई.

आता या पेजेचे घरगुती गणित पाहू. तांदूळ उकडा हवा. साळी भिजवून तांब्याच्या मोठ्या भाणात वाफवायच्या, अंगणात वाळवायच्या आणि मग कांडायच्या. आजच्या मापाने एक किलो उकडा तांदूळ घेतला तर त्याचा भात आठ-दहा माणसांना जेमतेम होईल. पण त्याच तांदळात आठपट पाणी घालून मंद आचेवर पेज केली, तर पंधरा-सोळा माणसांची सकाळ भागते. कोणी पाहुणा आला, तर आणखी दोन तांबे पाणी घालायचे. सोबतीला खारातली कैरी, भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर, नाहीतर ‘कालची कडी’, म्हणजे रात्रीचे उरलेले हुमण मातीच्या भांड्यात आटवून घट्ट केलेले. सोवळ्याच्या घरी मासळीऐवजी कुळथाचे पिठले किंवा अळसांद्याचे तोणाक. मिरची हरमलची, तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या घरी ती त्याच्या कितीतरी आधीपासून मानाने नांदत होती.

उकड्या तांदळाचा गुण आमच्या बायकांना अनुभवाने ठाऊक होता. शास्त्राला तो कळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरने पाहिले की, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. त्या शोधातून जीवनसत्त्वांची कल्पना पुढे आली आणि १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. साळ वाफवली की कोंड्यातले ‘ब’ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, मग कांडले तरी ते सगळे निघून जात नाही. पेज गाळून पाणी टाकायची चाल नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेलेही पोटात जाते. माझ्या आजेसासूबाईंना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण निवळ ओतून देणाऱ्या सुनेला त्या काय बोलत ते मला अजून आठवते.

डिचोलीच्या डोंगराळ भागात भातशेती थोडी. तिथे पावसाळ्याच्या तोंडी तांदूळ संपला की नाचणी पुढे येई. नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील, आणि सणावाराला नारळाच्या रसात गूळ घालून तिझन. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातल्या दुकानांत नाचणीच्या बिस्किटांचे डबे लागले. डोंगरातल्या बायका हसल्या असतील.

इथवर वाचून कोणाला वाटेल, जुने ते सोने. तसे मात्र नाही, आणि हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. पेजेचा मोठा गुण म्हणजे ती पुरवता येते. पण पुरवायची कोणी आणि पुरली नाही तर उपाशी कोणी राहायचे, हे ठरलेले असे. आधी मुले, मग शेतावर जाणारे पुरुष, मग वडीलधारी, आणि शेवटी सुना. वरची माणसे दवला बुडवून तळची शिते घेत. सुनांच्या वाट्याला येई ती निवळ. ज्या घरात तांदूळ भरपूर होता तिथेही हाच क्रम होता, कारण तो गरिबीपेक्षा रीतीने ठरलेला होता. शिवाय ही स्वस्त न्याहारी कोणाच्या जिवावर स्वस्त होती? पहाटे चार वाजता वायनात मुसळ पडत असे. घावन करायचे तर भिजलेले तांदूळ रगड्यावर तास-दीड तास वाटायचे. त्या श्रमाला कधी कोणी पैशांत मोजले नाही, म्हणून हिशेबात न्याहारी फुकट दिसते. इतिहास लिहिताना हा खर्च मांडला नाही, तर तो इतिहास अर्धाच राहील.

आणि म्हणूनच पावाची गोष्ट मला वेगळी दिसते. पाव, पोर्तुगीज ‘पांव’, गोव्यात आला तो साष्टीत. जेजुइट पाद्र्यांनी तिथल्या लोकांना भट्टीची कला शिकवली असे मानतात आणि माजोर्ड्याचे नाव त्यात आवर्जून घेतले जाते. इथे यीस्ट नव्हते, तेव्हा माडाच्या सुरेवर पीठ फुगवले. पाव, उंडो, कातरो पाव, कांकण आणि कोंड्याची पोकळ पोळी, असा त्याचा मोठा परिवार झाला. पण आमच्याकडे पावाला सोवळ्याची भिंत आडवी आली. पाव खाल्ला की माणूस बाटतो, विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवले, या गोष्टी घरोघर सांगत. माझ्या सासूबाईंच्या पिढीत पाव ओसरीपर्यंत आला होता, स्वयंपाकघरात नाही. आजाऱ्याला चहात बुडवून दिला तर चाले. वर सूर म्हणजे दारू, हा आणखी एक आक्षेप.

ही भिंत कोणत्याही सुधारकाने पाडली नाही; ती तांदळाच्या टंचाईने पाडली. किनाऱ्यावरच्या या मुलखाला स्वतःचा तांदूळ वर्षभर पुरत नसे. घरटी एक-दोघे मुंबईला जात आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर इथली चूल पेटे. बाजारात ब्रह्मदेशचा तांदूळ येई. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ थांबला. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. १९५५ साली रेल्वे बंद झाली. रामघाटाने बेळगावकडून येणारा गूळ, कांदा, कडधान्ये अडली. बांदा-दोडामार्गाच्या बाजूने चोरट्या वाटांनी जे येई ते येई. पोर्तुगीजांनी हॉलंडहून बटाटे, पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनमधून चहा आणवला. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी दिलेला. आता बटाटेही बोटीने आले. पाव, बटाट्याची पातळ भाजी आणि चहा, ही आजच्या डिचोली बाजारातल्या प्रत्येक हॉटेलातली सकाळ त्या टंचाईच्या वर्षांत घट्ट रुजली, असे माझे मत आहे.

दुसरे कारण खाणी. १९५० नंतर लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि डिचोली तालुक्यात ट्रक, बार्ज, पाळ्या सुरू झाल्या. सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्याला दहा वाजताची पेज कशी मिळणार? त्याला हातात घेऊन खाता येईल असे काही हवे होते. दारात सायकलवर ‘पों पों’ करत येणारा पदेर त्याला ते देई. त्याच्या बायकोलाही पहाटेचे कांडण चुकले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी गिरणी आणि वीज पोचू लागली, रेशनवर गहू आला आणि रव्याचा उपमा नि चपाती ओळखीची झाली. १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कुळाला जमिनीवर हक्क दिला; भाटकाराला खंड घालून उरलेल्यावर वर्ष काढायची पाळी गेली. मुक्तीनंतरच्या काही वर्षांत सुनेच्या वाडग्यात शिते दिसू लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या लेखी तो मुक्तीचा खरा पुरावा.

पण दर सोयीची एक किंमत असते. खाणींतला गाळ ओहोळांवाटे शेतांत उतरला आणि डिचोलीतली कितीतरी भातशेती पडीक झाली. पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा शेत नाही आणि नोकरीही नाही अशी अनेक घरांची गत झाली. पेडण्यात खाजणातले खारे पाणी सोसणारे कोरगुट भात मागे पडले आणि ‘जया’, ‘ज्योती’ आली. नंतर तर शेतेच ओस पडू लागली. मोपाच्या पठारावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पाहुण्यांना ‘गोवन ब्रेकफास्ट’ म्हणून पोळी आणि भाजी मिळते, पेज क्वचितच. आणि पावही तो राहिला नाही. सूर काढणारे रेंदेर कमी झाले, यीस्ट आले, कोंड्याच्या पोळीपेक्षा मैद्याचा पाव जास्त खपतो. सकाळी मैदा, गोड चहा आणि वनस्पती तुपातले फरसाण, हे खाऊन मधुमेह घरोघर आला तर नवल काय?

भाषेचेही असेच झाले आहे. आमची पिढी घरात कोकणी बोलली आणि पाटीवर मराठी शिकली. पोथी मराठी, जोजवणे कोकणी. १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, यांत घरे दुभंगलेली मी पाहिली; एकाच पंगतीत दोन पक्ष बसलेले पाहिले. पण पेज दोन्ही भाषांत पेजच आहे. ‘घावन’ म्हणा की ‘पोळे’, तव्याला फरक पडत नाही. तेरेखोलच्या या काठावर गोवा, त्या काठावर सिंधुदुर्ग. न्याहारीची ताटे शेजारी ठेवली तर सीमा कुठे आहे हे कोणाला ओळखता येणार नाही.

मग आज मोठ्या घराने काय करावे? एकोणीस माणसांची घरे आता विरळा, पण आठ-दहा माणसे एकत्र राहणारी कुटुंबे आमच्याकडे अजून आहेत, आणि महागाईत त्यांनाच न्याहारीचा प्रश्न खरा पडतो. माझा साधा हिशेब सांगते. आठवड्यातून तीन दिवस पेज करावी. कुकरमध्ये उकडा तांदूळ रात्री भिजवून ठेवला तर सकाळी अर्ध्या तासात होते आणि कोणाला चारला उठावे लागत नाही. बरोबर मोड आलेले कुळीथ किंवा मूग असले की प्रथिनांची बाजू भरून निघते. कुळथात ती शेकडा बावीसच्या आसपास असतात. दोन दिवस घावन. किलोभर तांदळाचे पस्तीसेक होतात, आणि रगड्याचा तास मिक्सरने दहा मिनिटांवर आणला आहे. एक दिवस आंबील. मुले नाक मुरडतील. त्यांना गूळ-नारळाचे तिझन द्यावे, ती वाटी चाटून पुसून ठेवतील. आणि एक दिवस पदेराची कोंड्याची पोळी आणि अळसांद्याचे तोणाक, कारण पावही आता आपलाच आहे. हे सारे करताना एकच जुनी रीत मोडावी: वाढणाऱ्या बाईने शेवटी बसू नये. यंत्रांनी तिचा तास वाचवला, तो तिला पंगतीत बसण्यासाठी मिळाला पाहिजे.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे हेच तर होते. पहाटे नरकासुर जाळला, अंगाला उटणे-तेल लागले, तुळशीपाशी कारीट फोडले की सगळे गाव फोव खायला घरोघर फिरते. नव्या भाताचे पोहे: दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबऱ्याचे, बटाट्याचे, आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. पोह्यांना शिजवायचे श्रम थोडे आणि एका पायलीत वाडाभर माणसे तृप्त होतात. त्या दिवशी कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. सून शेजारणीकडे जाऊन पाटावर बसते आणि शेजारीण आमच्याकडे येते. वर्षातली एकच सकाळ अशी असते. ती बाकीच्या तीनशे चौसष्ट सकाळींना लागावी एवढेच या दिवाळीला मागणे. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. फोव खायला या.